मातीतून शिकविणाऱ्या ताराबाई

ज्यांना अद्याप अक्षरओळखही झालेली नाही, अशा चिमुकल्यांसाठी सारे आयुष्य वेचणारी माणसे विरळाच. पद्मभूषण कै. ताराबाई मोडक या अशा विरळ व्यक्तींपैकी होत. त्यांचे बालपण इंदुरात गेले. म्हणून आम्हा इंदूरकर विद्यार्थ्यांना त्यांच्या चरित्राविषयी विशेष आपलेपणा वाटतो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी प्रार्थनासमाजी विचारांच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्रीशिक्षणाचीच वानवा असलेल्या त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांना लाभले. तथापि मान आणि वेतन यांत त्यांचे मन रमले नाही. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि डॉ. माँटेसरी यांच्या पद्धतीने बालशिक्षणाचे कार्य करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले.

परंतु हे शिक्षण शहरातील सुखवस्तू मुलांपुरतेच राहणार काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. माँटेसरी साधने महाग होती. खेड्यातील गरिबाला ती कोठून परवडणार? म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीतील अंगणात नेली. हीच अंगणवाडी! १९५७ साली डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हे कार्य सुरू झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरत असावीत आणि तेथेच गुरुजींनी मुलांना शिकवावे, अशी ती योजना होती.

या शाळांची साधने कोणती? ओली माती, खडे, बिया, शिंपले, पाने! माती फुकट मिळते, एवढाच तिचा गुण नव्हे. मातीचा बैल करावयाचा म्हणजे आधी गोठ्यातला बैल नीट पाहावा लागतो. त्याचे वशिंड कोठे, शिंगांचा बाक कसा, पाय किती जाड, हे सारे डोळ्यांनी टिपावे लागते. पाय बारीक झाले तर बैल कोलमडतो. मग मूल ते पुन्हा जाड वळते. चूक दाखविण्यास छडी लागत नाही, माती स्वतःच ती दाखविते. घर, चूल, होडी, मासोळी असे एकेक वळता वळता मूल आपला परिसर वाचू लागते. अक्षरवाचन त्यानंतर येते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

घरातील धाकटे भावंड चिखलाने हात माखून आले की आपण त्यास दटावतो. त्या हातांत काय आहे, हे आधी पाहावे, एवढे जरी आपण या चरित्रातून शिकलो तरी पुष्कळ झाले.