संत इग्नेशियस लोयोला : दूरच्या सहकाऱ्यांना सांभाळणारा नेता

३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. रोममध्ये राहून त्यांनी जगभर विखुरलेल्या सहकाऱ्यांना कसे सांभाळले, हा त्यांच्या जीवनाचा पैलू संस्था व मंडळे चालविणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

१४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतातील सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. मे १५२१ मध्ये फ्रेंच सैन्याने पाम्प्लोनाच्या किल्ल्याला वेढा घातला. इतर अधिकारी शरणागतीच्या विचारात असताना इग्नेशियस ह्यांनी लढण्याचा आग्रह धरला. तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि किल्लाही पडला. रुग्णशय्येवर ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचताना त्यांचे अंतःकरण पालटले.

तिशी ओलांडल्यावर त्यांनी शाळकरी मुलांबरोबर बसून लॅटिनचे धडे गिरविले. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे खोलीसोबती झाले. महत्त्वाकांक्षी झेवियर सहजासहजी वळणारे नव्हते. इग्नेशियस ह्यांनी धीर धरला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे सात मित्रांनी एकत्र व्रते घेतली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे ह्यांनी येशूसंघास मान्यता दिली.

एप्रिल १५४१ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांची प्रमुखपदी निवड केली. त्यांनी नकार दिला. पुन्हा मतदान झाले, निकाल तोच लागला. अखेर आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा कौल मानून त्यांनी पद स्वीकारले आणि पहिले काही दिवस स्वयंपाकघरात हाताखालची कामे केली.

पत्र हे त्यांच्या कारभाराचे मुख्य साधन होते. त्यांची सुमारे ७,००० पत्रे आज उपलब्ध आहेत. इतरांना दाखविण्याजोगा मजकूर मुख्य पत्रात आणि खाजगी बाबी वेगळ्या कागदावर, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. फेबरसारख्या जिवलग मित्रानेही ती पाळली नाही, तेव्हा त्यालाही त्यांनी खडसावले. मुख्य पत्र आपण स्वतः दोनदा लिहितो, हेही त्यांनी त्याला कळविले. संघाच्या घटनेत त्यांनी नियम घालून दिले. मात्र स्थळ, काळ व व्यक्ती पाहून त्यांत बदल करण्याची मोकळीकही वारंवार दिली. प्रत्येक सभासदाने आपले अंतःकरण वरिष्ठांपुढे उघडावे असा प्रघात त्यांनी पाडला. माणूस ओळखल्याशिवाय त्याला काम सोपवू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

ह्या विश्वासाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १५४० मध्ये भारतासाठी नेमलेले बोबादिया आजारी पडले, तेव्हा इग्नेशियस ह्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या मित्राला, झेवियरना, पाठविले. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास पोहोचले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. जून १५५३ मध्ये इग्नेशियस ह्यांनी त्यांना युरोपात परत येण्यास लिहिले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर झेवियर निवर्तले होते. ते पत्र वाचावयास कोणी उरले नव्हते.

३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस रोममध्ये मरण पावले. दहा जणांनी सुरू झालेल्या संघात तोवर सुमारे १,००० सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी हे दोघे मित्र एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले. आपल्या सर्वांत प्रिय माणसाला जवळ न ठेवता जेथे गरज आहे तेथे पाठविणे, हा इग्नेशियस ह्यांच्या नेतृत्वाचा सर्वांत कठीण धडा आहे.