तिजोरी, मुहूर्त आणि राजकुमारी अमृत कौर

अरबिंदो मार्ग आणि रिंग रोड जेथे एकमेकांना छेदतात, तेथील पदपथावर रात्री अंथरूण टाकून पडलेली कुटुंबे राजधानीत राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानातून आलेली ही माणसे ‘एम्स’मध्ये क्रमांक लागण्याची वाट पाहत असतात. त्याच दिल्लीत केंद्र सरकारचा नोकर आपल्या वसाहतीतील सीजीएचएस दवाखान्यात कार्ड दाखवून औषधे घेतो आणि तासाभरात घरी परततो. या दोन्ही व्यवस्था एकाच आरोग्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. पदपथावरच्या कुटुंबाला आपल्या तालुक्यातच उपचार मिळावेत, यासाठीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवातही त्याच कारकिर्दीतली. पहिल्या दोन गोष्टी रुजल्या; तिसरी रेंगाळली. असे का झाले, याचे उत्तर राजकुमारी अमृत कौर यांच्या चरित्रात आणि त्या काळच्या जमाखर्चात शोधावे लागते.

कपुरथळ्याच्या राजघराण्यातील, परंतु ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने गादीच्या वाटेवरून दूर झालेल्या हरनामसिंग यांची ही कन्या. जन्म लखनौचा, शालेय शिक्षण इंग्लंडमधील. १९१९ च्या सुमारास गांधीजींशी परिचय झाला आणि राजवाड्यातील आयुष्याची दिशा बदलली. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत. बालविवाह, पडदा आणि स्त्रीशिक्षण हे त्यांचे आरंभीचे विषय. पुढे सुमारे सोळा वर्षे त्यांनी गांधीजींच्या सचिव म्हणून काम केले. वर्धा आणि सेवाग्राम हे त्यांचे घर झाले. १९४२ च्या आंदोलनात कारावास घडला. घटना समितीवरही त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून गेल्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी नेहरूंच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते त्यांच्याकडे आले. त्या मंत्रिमंडळातील त्या एकमेव महिला होत्या.

खात्याबरोबर त्यांच्या हाती एक जाडजूड अहवाल आला. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४३ ते १९४६ या काळात तो सिद्ध केला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर, त्रेचाळीस हजारांमागे एक परिचारिका आणि हजार लोकांमागे रुग्णालयातील पाव खाटही नाही, असे चित्र त्यात होते. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. यावर समितीने दोन टप्पे सुचविले. दीर्घ मुदतीच्या आराखड्यात खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत रुग्णालयांची साखळी होती. ती पूर्ण होण्यास तीस ते चाळीस वर्षे लागतील, असा हिशेब होता. तोपर्यंत अल्प मुदतीत चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र उभारावयाचे होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे या आराखड्याचे मूळ सूत्र होते.

वाद तेथूनच सुरू झाला. पूर्ण शिक्षण घेतलेलाच डॉक्टर हवा, असे समितीच्या बहुमताचे म्हणणे; कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले परवानाधारक डॉक्टर आणखी काही वर्षे तयार होऊ द्यावेत, असे काही सदस्यांचे. पहिला मार्ग दर्जाचा, पण खर्चिक आणि सावकाशीचा. दुसरा स्वस्त आणि लवकरचा. स्वतंत्र भारताने पहिला मार्ग पत्करला. त्याची किंमत खेड्यांनी वाट पाहून मोजली.

राजकुमारींची खरी अडचण तिजोरीची होती. फाळणीचे निर्वासित, धान्याची आयात आणि धरणांची निकड यांनी केंद्राचा पैसा आधीच बांधला गेला होता. १९५० ते १९५६ या काळात तिजोरीच्या किल्ल्या चिंतामणराव देशमुखांकडे होत्या. १९५२ च्या अखेरीस सिद्ध झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा आकार २,०६९ कोटींचा होता. त्यात आरोग्याच्या वाट्याला सुमारे शंभर कोटी आले. म्हणजे शंभर रुपयांतील पाच रुपयेही नाहीत. पाटबंधारे आणि वीज यांवर याच्या पाचपटींहून अधिक रक्कम होती. उपाशी देशात आधी पाणी आणि धान्य, हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नव्हते. शिवाय राज्यघटनेने आरोग्य हा विषय राज्यसूचीत टाकलेला. केंद्रीय मंत्र्याने योजना आखावी, राज्यांनी आपल्या तुटपुंज्या महसुलातून ती चालवावी, अशी ही रचना होती.

अशा वेळी राजकुमारींनी व्यवहारी मार्ग निवडला. जेथे बाहेरून पैसा मिळतो तेथे काम आधी सुरू करायचे. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दिलेल्या दहा लाख पौंडांतून वैद्यकीय विज्ञान संस्थेची पायाभरणी १९५२ मध्ये झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत विधेयक मांडले आणि त्याच वर्षी संस्था कायद्याने अस्तित्वात आली. गरीब देशाला एवढी मोठी संस्था हवी कशाला, या शंकेला त्यांच्या योजनेत उत्तर होते. येथे देशभरातील महाविद्यालयांसाठी शिक्षक घडतील, प्राध्यापक पूर्णवेळ असतील आणि त्यांना खासगी व्यवसाय करता येणार नाही. शिमल्यातील आपला ‘मॅनोरव्हिल’ बंगलाही त्यांनी या संस्थेला देऊन टाकला. या निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही.

१ जुलै १९५४ रोजी दिल्लीत केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच आजची सीजीएचएस. पगाराच्या प्रमाणात वर्गणी आणि कुटुंबासह उपचार, असा तिचा साधा हिशेब. या योजनेचा जम लवकर बसला, कारण वर्गणी पगारातूनच कापली जात होती आणि लाभार्थी मंत्रालयांच्या आवारातच बसत होते. शेतमजुराची ना पगारपत्रिका होती, ना सचिवालयापर्यंत पोहोचणारा आवाज. प्राथमिक आरोग्य केंद्रे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर आली खरी. पण भोर समितीच्या चाळीस हजारांच्या प्रमाणाऐवजी शंभरएक गावांच्या अख्ख्या विकास गटामागे एक केंद्र आणि त्यात सहा खाटा, एवढ्यावर भागवावे लागले. १९६१ मध्ये मुदलियार समितीने नवी केंद्रे काढण्यापेक्षा आहेत ती आधी धड चालवा, असा सल्ला दिला, त्याचे मूळ येथे आहे.

या क्रमाचे परिणाम हिवतापाच्या मोहिमेत सर्वांत स्पष्ट दिसतात. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राजकुमारींच्या खात्याने डीडीटी फवारणीची देशव्यापी मोहीम हाती घेतली. परदेशी मदत मिळाली, यश डोळ्यांत भरण्यासारखे होते. साठीच्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. परंतु फवारणी थांबल्यावर घरोघरी जाऊन नजर ठेवणारी कायमची यंत्रणा गावात नव्हती. १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. मोहिमेला पैसा मिळतो, नित्याच्या कामाला मिळत नाही, हा धडा तेव्हाचाच.

प्रत्येक विलंबाचे खापर मात्र तिजोरीवर फोडता येणार नाही. कुटुंबनियोजनासाठी पहिल्या योजनेत ६५ लाखांची तरतूद होती. तथापि कृत्रिम साधनांना राजकुमारींचा गांधीवादी विरोध असल्याने नैसर्गिक पद्धतीचेच प्रयोग दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे झाले. ते फसले आणि मोलाची वर्षे हातची गेली. श्रद्धेने लावलेला उशीरही उशीरच असतो, हे त्यांच्या चरित्रकाराने झाकू नये.

१९५० मध्ये जागतिक आरोग्य सभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९५७ मध्ये मंत्रिपद सुटल्यावर त्या राज्यसभेत राहिल्या आणि ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेसारख्या आणखी सहा संस्था उभ्या राहण्यास २०१२ उजाडले. नागपूरच्या ‘एम्स’चे वर्ग २०१८ मध्ये भरले. एक शिखर पुरे, बाकी नंतर, हे ‘नंतर’ तब्बल छप्पन्न वर्षांचे ठरले.

पुढच्या सरकारांनीही मुहूर्त काढण्यात कसूर केली नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले. २०२१-२२ या करोनाच्या वर्षातही प्रत्यक्ष आकडा १.८४ टक्के होता; पहिल्या धोरणाचे उद्दिष्टही तोवर गाठले गेले नव्हते. पक्ष बदलले, आकडा हट्टी राहिला.

राजकुमारींना दोष देणे आज सोपे आहे. शंभर कोटींत त्यांनी जे उभे केले, ते शेकडो पटींनी श्रीमंत झालेल्या राज्यसंस्थेला लाजविणारे आहे. पण त्यांच्या कारकिर्दीने एक गोष्ट कायमची दाखवून दिली: तोकड्या तिजोरीत खर्चाचा क्रम हेच खरे धोरण असते. ज्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो, त्याचे काम पहिल्या वर्षी होते. ज्याचा पोहोचत नाही, त्याचे पुढच्या योजनेत. म्हणून आरोग्यसुधारणेची नवी घोषणा होईल तेव्हा फायली हाताळणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने तिचे नाव पाहण्याआधी दोनच नोंदी पाहाव्यात. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि पहिला हप्ता कोणत्या वर्षी सुटणार आहे. अरबिंदो मार्गावरील पदपथ केव्हा मोकळा होईल, याचे उत्तर त्या दोन नोंदींत असेल.