'सिटिझन केन'वाला ऑर्सन वेल्स जगभर फिरला, पण त्याची राख स्पेनमध्ये एका बुलफायटरच्या विहिरीत आहे

स्पेनच्या दक्षिणेला रोंडा नावाचं गाव आहे. खोल दरीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. इथलं बुलफायटिंगचं रिंगण १७८५ सालचं, देशातल्या सगळ्यात जुन्या रिंगणांपैकी एक.

या गावाजवळ अँटोनियो ऑर्दोन्येझ या गाजलेल्या मॅटाडोरचा मळा होता. मळ्यात एक जुनी विहीर आहे आणि त्या विहिरीत एका अमेरिकन माणसाची राख ठेवलेली आहे.

तो माणूस म्हणजे ऑर्सन वेल्स. वयाच्या २५ व्या वर्षी 'सिटिझन केन' बनवणारा. जगातल्या सर्वोत्तम सिनेमांची यादी निघाली की आजही हा सिनेमा वरच्या नंबरांत असतोच.

आता प्रश्न असा, की हॉलिवूडचा हा माणूस बुलफायटरच्या विहिरीत पोहोचला कसा?

त्यासाठी 'सिटिझन केन' थोडा बाजूला ठेवून त्याच्या डॉक्युमेंट्रींकडे बघावं लागतं. कारण या गड्यानं आयुष्यभर खऱ्या माणसांचे सिनेमे काढायची धडपड केली आणि सगळ्यात जास्त मार तिथेच खाल्ला.

ऑर्सनचा जन्म ६ मे १९१५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावचा. वडिलांनी सायकलच्या दिव्यांच्या धंद्यात पैसा कमावला होता, आई पियानो वाजवायची. पण तो ९ वर्षांचा असताना आई गेली आणि १५ वर्षांचा असताना दारूच्या आहारी गेलेले वडीलही गेले.

१६ व्या वर्षी हा पोरगा एकटाच आयर्लंडला पोहोचला. डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये जाऊन त्यानं आपण न्यूयॉर्कचा मोठा नट असल्याची थाप मारली. थिएटरवाल्यांना ती काही पटली नाही, पण पोरातला दम दिसला. त्यांनी काम दिलं.

त्यानंतर तो स्पेनला गेला. आपण सेव्हिलमध्ये राहून बुलफायटिंग शिकलो आणि रिंगणातही उतरलो, असं तो पुढे रंगवून सांगायचा. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, हे त्याच्या मित्रांनाही कळायचं नाही. पण स्पेन आणि तिथलं रिंगण त्याच्या डोक्यात घर करून बसलं ते कायमचं.

१९३७ साली डच दिग्दर्शक योरिस इव्हन्सनं स्पेनमधल्या यादवी युद्धावर 'द स्पॅनिश अर्थ' ही डॉक्युमेंट्री बनवली. निवेदन लिहिलं होतं अर्नेस्ट हेमिंग्वेनं आणि आवाज दिला २२ वर्षांच्या ऑर्सननं. पण तो आवाज फारच नाटकी वाटतोय असं ठरलं आणि शेवटी हेमिंग्वेनंच स्वतःच्या आवाजात निवेदन केलं.

पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३८ ला, ऑर्सननं रेडिओवर 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हे नाटक बातम्यांच्या ढंगात सादर केलं. मंगळावरून हल्ला झालाय असं समजून काही लोक खरोखर घाबरले. वर्तमानपत्रांनी ती घबराट आणखी फुगवून छापली आणि ऑर्सन रातोरात देशभर गाजला.

आरकेओ या स्टुडिओनं त्याला हॉलिवूडमध्ये बोलावलं. नवख्या पोराला कधी मिळत नाही एवढी मोकळीक करारात दिली. त्यातून १९४१ मध्ये 'सिटिझन केन' आला. ९ ऑस्कर नामांकनं मिळाली आणि पटकथेचं एक ऑस्कर.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

त्याच वर्षी ऑर्सननं एक सिनेमा हाती घेतला. नाव होतं 'इट्स ऑल ट्रू', म्हणजे हे सगळं खरं आहे. खऱ्या घटनांवरच्या वेगवेगळ्या कथा एकाच सिनेमात दाखवायच्या, अशी कल्पना.

पहिली कथा मेक्सिकोतली. एक मुलगा एका वासराला जीव लावून वाढवतो. त्याचा दांडगा वळू होतो आणि एक दिवस त्याची रवानगी बुलफायटिंगच्या रिंगणात होते. तिथून वळू सहसा जिवंत परत येत नाही.

पण या खेळात एक प्रथा आहे. वळू असामान्य शूर निघाला तर प्रेक्षक रुमाल हलवून त्याच्यासाठी माफी मागतात. माफी मिळाली की तो परत कुरणात जातो आणि पैदाशीसाठी सांभाळला जातो. या कथेतला बोनितो नावाचा वळू असाच वाचतो. दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टरनं मेक्सिकोत त्याचं शूटिंग सुरूही केलं होतं.

तेवढ्यात डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. लॅटिन अमेरिकेतले देश जर्मनीकडे झुकू नयेत म्हणून सरकारला तिकडे मैत्रीचे दूत पाठवायचे होते. ऑर्सनला ब्राझीलला जाऊन कार्निव्हलवर सिनेमा बनवायला सांगण्यात आलं.

बोनितोचं शूटिंग थांबलं. ऑर्सनचा दुसरा सिनेमा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' एडिटिंगला होता. तो तसाच टाकून फेब्रुवारी १९४२ मध्ये तो रिओला गेला.

स्टुडिओला हवी होती रंगीबेरंगी नाचगाण्यांची जाहिरात. ऑर्सन मात्र सांबा संगीत आलं कुठून हे शोधत रिओच्या टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत शिरला. तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांकडे त्यानं कॅमेरा वळवला. हे ना स्टुडिओच्या साहेबांना आवडलं, ना ब्राझीलच्या सरकारी मंडळींना.

आणि मग त्याला जाकारे भेटला.

जाकारे हा ईशान्य ब्राझीलमधल्या फोर्तालेझाचा कोळी. तिकडच्या कोळ्यांना तराफ्याच्या मालकाला निम्मी मासळी द्यावी लागायची आणि म्हातारपणी हातात काहीच उरायचं नाही. १९४१ मध्ये जाकारे आणि त्याचे तीन साथीदार साध्या लाकडी तराफ्यावरून निघाले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. ६१ दिवसांत अडीच हजार किलोमीटरहून जास्त समुद्र कापून ते रिओला पोहोचले आणि थेट राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांच्यापुढे कोळ्यांचं गाऱ्हाणं मांडलं. सरकारला कोळ्यांना सामाजिक सुरक्षेचे लाभ द्यायची घोषणा करावी लागली.

ऑर्सनला वाटलं, 'हे सगळं खरं आहे' म्हणायला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार! त्यानं त्याच चौघांना त्यांचाच प्रवास कॅमेऱ्यासमोर पुन्हा करायला लावला.

१९ मे १९४२. रिओमध्ये तराफा येऊन पोहोचतो तो प्रसंग चित्रित होणार होता. लाटेनं तराफा उलटला. तिघे वाचले, जाकारे बुडाला.

जो माणूस ६१ दिवस खऱ्या समुद्रात जगला, तो सिनेमासाठी तीच गोष्ट पुन्हा करताना गेला.

ब्राझीलमध्ये संताप उसळला. तिकडे हॉलिवूडमध्ये स्टुडिओनं 'अँबरसन्स'ची ४० मिनिटांहून जास्त फिल्म कापली, शेवट बदलला आणि कापलेला भाग नष्टही केला. ऑर्सनवर भरवसा ठेवणारा स्टुडिओचा प्रमुख पदावरून गेला आणि 'इट्स ऑल ट्रू' गुंडाळायचं ठरलं.

ऑर्सन मात्र परतला नाही. हातात उरलेले थोडे पैसे, एक मूक कॅमेरा आणि मोजकी माणसं घेऊन तो फोर्तालेझाला गेला आणि कोळ्यांची गोष्ट चित्रित केली. जाकारेसाठी एवढं तरी करायचंच, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

तरीही तो सिनेमा त्याला कधीच पूर्ण करता आला नाही. उलट, हा पोरगा पैसे उडवतो आणि काम अर्धवट टाकतो, असा शिक्का बसला. तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

घरातही काही धड टिकलं नाही. तीन लग्नं झाली आणि तिन्ही बायकांपासून एकेक मुलगी. दुसरी बायको रीटा हेवर्थ म्हणजे त्या काळची हॉलिवूडमधली सगळ्यात चर्चेतली नायिका. तो संसार चार वर्षांत संपला. पुढे इटालियन नटी पाओला मोरीशी लग्न केलं, पण शेवटची जवळपास वीस वर्षं त्याची सोबतीण होती ती क्रोएशियाची कलाकार ओया कोदार.

हॉलिवूडनं दारं बंद केल्यावर तो युरोपभर फिरत राहिला. दुसऱ्यांच्या सिनेमांत अभिनय करायचा आणि मिळालेले पैसे स्वतःच्या सिनेमात घालायचे, हा त्याचा धंदा. या सगळ्यात स्पेन पुन्हा पुन्हा येत राहिला.

१९५५ मध्ये ब्रिटिश टीव्हीसाठी त्यानं प्रवास-डॉक्युमेंट्रींची मालिका केली, त्यातला एक भाग माद्रिदच्या बुलफायटिंगवर होता. १९६० च्या दशकात इटालियन टीव्हीसाठी केलेल्या मालिकेत तर तो पाओला आणि लहानग्या बिआट्रिसला घेऊनच स्पेनभर फिरला. घरच्यांची सहल आणि डॉक्युमेंट्री एकाच कॅमेऱ्यात.

पण वय वाढलं तसं बुलफायटिंगवरचं त्याचं मन उडालं. १९७४ मध्ये एका मुलाखतीत त्यानं ते उघड सांगितलं. त्याचे वडील शिकारी होते आणि एक दिवस त्यांनी शिकार सोडून दिली. आपलंही तसंच झालंय, खूप जनावरं मरताना पाहिली, आता पुरे, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता.

त्याच सुमारास, १९७३ मध्ये, त्याची सगळ्यात भन्नाट डॉक्युमेंट्री आली, 'एफ फॉर फेक'. विषय होता एल्मिर द होरी. पिकासो, मातीससारख्यांच्या शैलीत नकली चित्रं काढून विकणारा हंगेरियन माणूस. गंमत म्हणजे त्याचं चरित्र लिहिणारा क्लिफर्ड आयर्व्हिंग स्वतःच एका अब्जाधीशाचं खोटं आत्मचरित्र लिहून पकडला गेला होता.

या सिनेमात ऑर्सन सुरुवातीलाच सांगतो, की पुढचा एक तास जे सांगेन ते खरं असेल. तास संपतो. आपल्याला ते कळत नाही आणि तो पिकासो आणि ओयाची एक मस्त गोष्ट सांगून आपल्याला गंडवतो. मग स्वतःच कबुली देतो.

'सगळं खरं आहे' म्हणत ज्यानं सिनेमा सुरू केला होता, तो तीस वर्षांनी खोटेपणावर सिनेमा पूर्ण करू शकला. आज डॉक्युमेंट्री बनवणारे लोक ज्या सिनेमांचा अभ्यास करतात, त्यात 'एफ फॉर फेक' असतोच.

१० ऑक्टोबर १९८५ ला हृदयविकाराच्या झटक्यानं लॉस एंजेलिसमध्ये ऑर्सन गेला. वय ७०. आदल्या संध्याकाळीच एका टीव्ही शोचं शूटिंग करून तो घरी आला होता.

१९८७ मध्ये त्याची राख रोंडाला नेण्यात आली. ऑर्दोन्येझ त्याचा जुना मित्र होता, त्यानं आपल्या मळ्यातली विहीर दिली.

'इट्स ऑल ट्रू'चे हरवलेले डबे १९८० च्या दशकात पॅरामाउंटच्या गोदामात सापडले. त्यातून १९९३ मध्ये एक डॉक्युमेंट्री तयार झाली आणि फोर्तालेझाचे ते कोळी, त्यांचे तराफे आणि बोनितो वळू ५० वर्षांनी पडद्यावर आले.

जाकारेही त्यात आहे. तराफ्यावर उभा, जिवंत. ऑर्सनला मात्र ते बघायला मिळालं नाही.