डॉ. बाबासाहेबांची विद्यार्थिदशा आणि पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या मंडळातर्फे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ दिले जातात, टाळ्या पडतात आणि पालकांचे चेहरे उजळतात. परंतु सत्कार आटोपून घरी परतल्यावर आपल्या गारखेडा परिसरातील कित्येक घरांत एकच प्रश्न पुढे उभा राहतो. तो म्हणजे महाविद्यालयाचा खर्च कोठून करावयाचा? या प्रश्नाला सामोरे जाऊन जगन्मान्य झालेल्या एका महापुरुषाच्या विद्यार्थिदशेचा वृत्तांत यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवीत आहे. थोर पुरुष कोणा एका ज्ञातीचे नसतात. त्यांचे चरित्र हे सर्वांचेच धन होय.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेचे शिक्षक. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. सुभेदार सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्याच्या शाळेत या बालकास अस्पृश्य म्हणून वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची मुभा नसे. मातोश्री भीमाबाई यांचे छत्र तर बालपणीच हरपले.

पुढे हे कुटुंब मुंबईस परळ येथील चाळीत राहावयास आले. खोली एकच. तीतच स्वयंपाक, तीतच निजणे आणि तीतच अभ्यास. भीमरावांनी संध्याकाळी लवकर निजावे, सुभेदारांनी उत्तररात्री दोनच्या सुमारास त्यांना उठवावे आणि सर्व चाळ झोपेत असता दिव्याच्या उजेडात अभ्यास चालावा, असा क्रम असे. मुलास पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला म्हणजे सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात. त्यांच्याकडून उसने पैसे किंवा अंगावरचा एखादा दागिना घेऊन तो गहाण ठेवीत आणि पुस्तक घरी आणीत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. भीमरावांना मिळालेले पहिले शैक्षणिक साहाय्य ते हेच, बापाच्या तळमळीचे व बहिणींच्या दागिन्यांचे.

संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ती भाषा नाकारण्यात आली व फारशी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या टक्केवारीने पाहू जाता हे गुण कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. परंतु ते कोणत्या परिस्थितीत मिळविले, हे ज्याने जाणले त्याच्या डोळ्यांत ते भरले. असा जाणता पुरुष म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर होत.

केळूसकर गुरुजी हे शिक्षक व विद्वान ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेत ते सायंकाळी वाचीत बसत. तेथेच शाळा सुटल्यावर एकांतात वाचीत बसलेला हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी आपण होऊन चौकशी केली, पुस्तके दिली व काय वाचावे ते सांगितले. मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. तीत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. बरेच लोक सत्काराशी थांबतात, गुरुजी मात्र तेथे थांबले नाहीत.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. प्रकृतीच्या तक्रारीमुळे एक वर्ष वाया गेले. तरीही इंटरपर्यंत मजल गेली, परंतु तोवर सुभेदारांची सारी पुंजी संपली. शिक्षण सोडून नोकरी धरण्यावाचून गत्यंतर दिसेना. त्याच सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी, लायक अस्पृश्य विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची आपली तयारी मुंबईच्या एका सभेत जाहीर केली होती. ही वार्ता केळूसकर गुरुजींनी ध्यानी ठेवली व भीमरावांना घेऊन ते महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके व कपडे देऊन हातभार लावला. १९१२ साली भीमराव बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले.

१९१३ च्या आरंभी ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या दुखण्याची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले. ज्यांनी दागिने गहाण ठेवून पुस्तके आणली, त्यांना पुत्राचा पुढील उत्कर्ष पाहावयास मिळाला नाही.

त्याच वर्षी महाराज काही विद्यार्थी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. त्यांनी भीमरावांना अर्ज करण्यास सांगितले. अर्ज मान्य झाला. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, अशा त्यातील अटी होत्या. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली एम. ए. झाले, पुढे प्रबंध पूर्ण केला आणि १९१६ साली लंडनला जाऊन अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास आरंभिला.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. येताना एक दूरदृष्टी त्यांनी दाखविली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. त्यांचे सामान निराळ्या जहाजाने येत होते. महायुद्धात ते जहाज बुडाले व ग्रंथ समुद्रात गेले. त्या सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये आले, त्यांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागला. मात्र करारानुसार चाकरीस गेलेल्या या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेत आश्रय घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले.

तरीही त्यांनी शिक्षणाची आस सोडली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन ४५० रुपये असता घरखर्च काटकसरीने भागवून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरचे श्री शाहू छत्रपती यांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी स्नेह्याने ५,००० रुपये कर्जाऊ दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे एम. एस्सी., बॅरिस्टरी व १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री व घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुतच आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

घेतलेले साहाय्य त्यांनी कसे फेडले, ते मात्र सांगितलेच पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह निघाले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात स्थान मिळताच त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीचा प्रश्न लावून धरला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती योजना आजही चालू आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आणि १९५० साली आपल्या या शहरात त्यांनी महाविद्यालय उघडले. तेच आजचे नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय होय. त्यापूर्वी मराठवाड्यातील मुलास पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. ज्याला एके काळी २५ रुपयांवाचून कॉलेज सोडण्याची पाळी आली होती, त्याने सहस्रावधी मुलांच्या दाराशी कॉलेज आणून ठेविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

या चरित्रातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, मदत मागणे यात हीनपणा नाही. शिष्यवृत्ती ही भिक्षा नव्हे. ती समाजाने विश्वासाने दिलेली ठेव आहे, व ती आपल्या कर्तृत्वाने परत करावयाची असते. दुसरी गोष्ट, संधी वेळेवर साधली पाहिजे. आज शासनाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. ज्या योजनेस जे लागेल त्याप्रमाणे उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी निकालापूर्वीच करून ठेवावी. तहसील कार्यालयातील दाखला एका दिवसात हाती पडत नाही. शिवाय एकदा शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे काम संपले असे नसून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. तिसरी गोष्ट, अटी नीट वाचून मगच सही करावी.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी काय घ्यावे? सयाजीराव, शाहू छत्रपती, केळूसकर, म्युलर, भथेना यांपैकी एकही जण बाबासाहेबांच्या ज्ञातीचा नव्हता. त्यांनी मुलाची लायकी व त्याची अडचण पाहिली, जात पाहिली नाही. आपल्या मंडळाचा विद्यार्थी साहाय्य निधी हा ज्ञातिबांधवांच्या घामाच्या पैशांतून उभा राहिला आहे व त्यावर आपल्या मुलांचा हक्क आहे, हे खरेच. परंतु शेजारच्या घरातील परज्ञातीचा एखादा हुशार मुलगा केवळ फीअभावी शिक्षण सोडीत असेल, तर त्याचा अर्ज आपण विचारात घ्यावा की न घ्यावा, याचा विचार कार्यकारी मंडळाने व सर्व सभासदांनी येत्या वार्षिक सभेत अवश्य करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्यांना पैसा देणे शक्य नाही, त्यांनी केळूसकर गुरुजींचे काम करावे. मुलाला हेरावे, कोठे मदत मिळते त्याची माहिती ठेवावी आणि त्याच्यासोबत त्या दारापर्यंत चालत जावे. त्या कामाला पैसा लागत नाही.

यंदा उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे अभिनंदन करून व त्यांच्या पुढील शिक्षणास सुयश चिंतून हा लेख पुरा करतो.