रुळांवरचा अडसर : फील्ड मार्शल आयर्नसाइड

आमच्या खेड्यातील जुन्या घरांच्या दारांना आतून अडसर असतो. दिवसभर तो भिंतीच्या खोबणीत सरकवलेला असतो. रात्री ओढून घेतला की दार कितीही ढकला, हलत नाही. १९४० साली इंग्लंडच्या दाराला असा अडसर घालण्याचे काम ज्या सेनानीवर येऊन पडले, त्यांचे नाव एडमंड आयर्नसाइड.

त्यांचा जन्म ६ मे १८८० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडील सैन्यात शल्यवैद्य होते, पण मुलगा वर्षाचा होण्याआधीच ते निवर्तले. तुटपुंज्या उत्पन्नात भागावे म्हणून विधवा माता मुलांना घेऊन वरचेवर युरोपात जाऊन राही. त्यामुळे परक्या भाषांची गोडी एडमंडला बालपणीच लागली. वूलिच येथील लष्करी विद्यालयातून ते १८९९ साली तोफखान्यात अधिकारी झाले आणि दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेले. युद्ध संपल्यावर बोअर गाडीवानाचा वेष घेऊन त्यांनी जर्मनांच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत हेरगिरी केली. उंची सहा फूट चार इंच, म्हणून मित्रांनी थट्टेने नाव ठेवले 'टायनी', म्हणजे चिमुकला!

पहिल्या महायुद्धानंतर रशियातील अर्खांगेल्स्क येथे दोस्त सैन्याचे नेतृत्व त्यांनी केले, पुढे इराणातही ते होते. १९२८ ते १९३१ या काळात मीरत येथे आणि १९३३ ते १९३६ या काळात क्वार्टरमास्टर जनरल म्हणून ते हिंदुस्थानात होते. आपल्या दृष्टीने ते परक्या सत्तेचेच चाकर, हे विसरता येत नाही. तरीही त्यांच्या आयुष्यातील जे दोन महिने मला सांगायचे आहेत, त्यांत ते स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर उभे होते.

मे १९४० मध्ये जर्मन रणगाड्यांनी फ्रान्समध्ये म्यूज नदी ओलांडली आणि अवघ्या आठवड्यात ते समुद्रकिनाऱ्याला भिडले. डंकर्कहून तीन लाख अडतीस हजार सैनिक बोटींनी परत आणले गेले, पण तोफा, रणगाडे आणि मोटारी बव्हंशी तिकडेच राहिल्या. याच धामधुमीत, २७ मे रोजी, आयर्नसाइड यांना इंग्लंडच्या संरक्षणाचे सरसेनापती नेमण्यात आले. हाताशी माणसे होती, पण शस्त्रे थोडी आणि वेळ त्याहून थोडा.

त्यांनी देशातच असलेल्या अडथळ्यांचा उपयोग करायचे ठरवले. किनाऱ्यावर पहिली फळी. तिच्यामागे नद्या, कालवे आणि रेल्वेचे उंच भराव जोडून आडव्या रोधक रेषा, म्हणजे रणगाडे अडतील आणि मागची राखीव फौज धावून येईल. नैर्ऋत्य इंग्लंडमधील टाँटन रेषेचे उदाहरण घेता येईल. सीटनच्या किनाऱ्यापासून हायब्रिजपर्यंत सुमारे ५० मैल पसरलेल्या या रेषेत नद्या, कालवे आणि चार्डच्या रेल्वेफाट्याचा भराव गुंफला होता.

पण जिथे लोहमार्गच रोधक रेषा ओलांडून जातो, तिथे काय करायचे? नदीवरचा रेल्वेपूल किंवा भरावातील वाट रणगाड्यालाही मोकळीच. गँगमनचा मुलगा असल्याने ही अडचण मला चटकन उमगली. रूळ बंद करता येत नाहीत, कारण आपलेच सैन्य आणि दारूगोळा त्यावरून जायचा. म्हणून गाडीला जाता येईल एवढी जागा सोडून दोन्ही बाजूंस काँक्रीटचे अवजड ठोकळे बसवले गेले. कुठे ठोकळ्यांना खाचा ठेवल्या, कुठे मार्गात खळगे केले. शत्रू जवळ आला की रुळांचे जाड तुकडे खाचांत आडवे किंवा खळग्यांत उभे रोवायचे. रोज गाडी जाईल, पण वेळ येताच रणगाडा अडेल. आमच्या दाराचा अडसर तो हाच!

मात्र टीका लगेच सुरू झाली. एका जागी खिळून राहणारे संरक्षण फ्रान्समध्ये टिकले नाही, मग इथे कसे टिकेल, असा सवाल होता. १९ जुलै रोजी चर्चिल यांनी त्यांच्या जागी जनरल अॅलन ब्रूक यांना आणले. ब्रूक यांनी रेषांपेक्षा वेगाने हलणाऱ्या फौजांवर भर दिला. आयर्नसाइड यांना फील्ड मार्शलपद मिळाले, १९४१ मध्ये सरदारकीही मिळाली, पण पुन्हा कोणतीही फौज त्यांच्या हाती दिली गेली नाही. २२ सप्टेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर १९४० मध्ये हिटलरने स्वारी लांबणीवर टाकली, ती मुख्यतः आकाशातील लढाई जिंकता न आल्यामुळे. त्या ठोकळ्यांची कसोटी लागलीच नाही. कदाचित ब्रूक यांचेच बरोबर असेल. पण रणगाडे नसलेल्या सेनापतीने नदी, कालवा आणि रूळ यांचाच आधार घेतला, यात मला त्यांची चूक दिसत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील उन्हापावसात हातोडा घेऊन मैलोगणती रूळ तपासत चालत. त्यांच्या हद्दीत कधी अपघात झाला नाही, म्हणून त्यांचे नाव कधी कुठे छापून आले नाही. लहानपणी मला याचे वाईट वाटे. आयर्नसाइड यांचे चरित्र वाचल्यावर वाटेनासे झाले. इंग्लंडच्या शेतांत, रुळांच्या कडेला, ते शेवाळलेले ठोकळे आजही काही ठिकाणी उभे आहेत. त्यांच्यावर कधी रणगाडा आदळला नाही. बांधणाऱ्यांना तरी दुसरे काय हवे होते?

(द्वितीय वर्ष, कला)