लोणावळ्याचे स्वामी आणि आमचं शिबिर

मैत्रिणींनो, लोणावळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चिक्की, धो धो पाऊस आणि भुशी डॅम. मलाही तेच आठवायचं. पण आता लोणावळ्याचं नाव निघालं की मला स्वामी कुवलयानंद आठवतात. आणि त्यांच्यामागोमाग आठवतं ते आमच्या महिला मंडळाचं पहिलं योग शिबिर. ते आठवलं की आजही मान जरा खाली जाते.

आधी शिबिराचं सांगते. आम्ही मंगल कार्यालयात सात दिवसांचं निवासी शिबिर ठरवलं. तयारी म्हणाल तर जय्यत. मंडप, बॅनर, उद्घाटनाला पाहुणे, हार, श्रीफळ, शाल. सतरंज्या गोळा केल्या, आचारी ठरवला, पाण्याचा टँकर सांगितला. चाळीस बायकांनी नावं दिली. घर, सासू-सासरे, मुलांच्या शाळा सांभाळून सात दिवस बाहेर राहायचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कितीजणी तर लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हलासन चाललं होतं. आमच्या ओळीतल्या एक वहिनी पोट धरून बसल्या. घामाने चिंब. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, की तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. दैव बलवत्तर, मोठं काही झालं नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. पण घरच्यांनी मात्र पुन्हा असल्या ठिकाणी जायचं नाही म्हणून बजावलं. मी भेटायला गेले आणि आधी का सांगितलं नाही म्हणून जरा रागानेच विचारलं. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, की कुणी विचारलंच नाही, आणि चाळीसजणींसमोर आपण होऊन कसं सांगणार?

ते उत्तर मला झोपू देईना. आचाऱ्याला कोणाला कांदा-लसूण चालत नाही हे आम्ही विचारून सांगितलं होतं. पण कोणाचं ऑपरेशन झालंय, कोणाला रक्तदाब आहे, हे विचारायचं सुचलं नाही. त्या दिवसांत मी वाचनालयातून योगावरची मिळतील ती पुस्तकं आणली. त्यांतच कुवलयानंदांची ओळख झाली.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. घर मराठी, परिस्थिती बेताची. पण बुद्धी अशी तल्लख, की १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे बडोद्याच्या कॉलेजात शिकत असताना प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी शरीर घडवलं. स्वदेशीचे, टिळकांच्या विचारांचे ते दिवस. आजन्म अविवाहित राहून देशाचं काम करायचं, असं या तरुणाने ठरवून टाकलं.

पदवीनंतर ते खानदेशात अमळनेरला आले. खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवलं, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. म्हणजे पाहा, ज्यांना आपण स्वामी म्हणतो ते आधी आपल्या अमळनेरचे गुणे मास्तर! समाजात फिरताना अज्ञान आणि दुबळी शरीरं त्यांनी जवळून पाहिली. नुसत्या भाषणांनी हे बदलणार नाही, हे त्यांना तिथेच उमगलं असावं, असं मला वाटतं.

१९१९ साली बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर इथे त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले. त्यांच्याकडून योगाच्या क्रिया शिकल्या. आता एखादा असता तर अनुभव आला, श्रद्धा बसली, विषय संपला असं म्हणाला असता. पण हे पडले मास्तर. शरीरात असं होतं तरी काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांच्या मदतीने उड्डियान आणि नौली या क्रिया तपासल्या. त्या काळात क्ष-किरण यंत्र हीच नवलाई होती. त्यापुढे योग करणाऱ्याला उभं करायचं, ही कल्पना तर त्याहून नवी!

पुढे त्यांनी नौली करताना आतड्यातला दाबही मोजला. बस्ती या क्रियेत पाणी आपोआप आत कसं ओढलं जातं, हे कोडं होतं. जुनी मंडळी ते अपान वायूचं काम मानत. मोजल्यावर दिसलं, की नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आत येतं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. गुरूंवरची श्रद्धा आणि मोजमाप यांचं त्यांच्या घरी असं गुण्यागोविंदाने नांदत होतं.

१९२४ साली दसऱ्याच्या सुमारास त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. मुंबई-पुण्याच्या रेल्वेवरचं गाव, घाटाची स्वच्छ हवा. त्याच वर्षी योग मीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. त्यात एक विभाग शास्त्रीय प्रयोगांचा आणि एक सर्वसामान्य वाचकांना समजेल असा ठेवला. म्हणजे डॉक्टरांनीही वाचावं आणि घरच्या माणसानेही.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट पुढेच आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सगळे म्हणत आणि आजही आपण सर्रास म्हणतो. स्वामींनी ते मोजलं. प्राणायाम करताना नेहमीपेक्षा फारसा जास्त ऑक्सिजन घेतला जात नाही, असं निघालं. योगाचा प्रसार करायला निघालेल्या माणसाला हे झाकून ठेवता आलं असतं. त्यांनी ते छापलं, आणि प्राणायामाचं खरं महत्त्व दुसरीकडे शोधायला हवं, असं मांडलं. आपल्या प्रिय गोष्टीबद्दल खरं बोलायला केवढं धैर्य लागतं!

१९२७ साली गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला. तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. आपली तब्येत कशी आहे, कशाने काय वाटलं, हे गांधीजी पत्रांतून कळवत आणि त्यावर स्वामी सांगत. समोर एवढा मोठा माणूस, तरी चौकशी आधी आणि आसन मागून. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या हलासनाची ती ओळच उभी राहिली.

आसनांवरच्या त्यांच्या पुस्तकातही हीच सावधगिरी. आसन कसं करायचं हे जितक्या बारकाईने सांगितलंय, तितक्याच काळजीने ते कोणी करू नये हेही. कान वाहत असतील, हृदय कमजोर असेल, तर शीर्षासनाच्या वाटेला आपल्या मनाने जाऊ नये, अशा सूचना. पूर्ण अभ्यासक्रम ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी छोटा अभ्यासक्रम वेगळा. आपण ती पानं उलटून चित्रंच बघतो!

पुढची चाळीस वर्षं ते राबतच राहिले. १९३० नंतरच्या काळात शाळांच्या शारीरिक शिक्षणात योग यावा म्हणून सरकारी समित्यांवर काम केलं, शिक्षक तयार केले. मुंबईत चौपाटीजवळ केंद्र उघडलं, म्हणजे नोकरदार माणसाला लोणावळ्याला जाऊन राहायची गरज उरली नाही. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्याला योगाचं महाविद्यालय आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचाराचं रुग्णालय सुरू झालं. १९६३ साली डॉ. विनेकरांबरोबर योगोपचारावर पुस्तक लिहिलं. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या कैवल्यधामाने २०२४ मध्ये शंभर वर्षं पूर्ण केली. आज डोंगरात, समुद्रकाठी, रिसॉर्टमध्ये राहून योग करण्याची टूम आहे. पण चार दिवस घर सोडायचं, नेमाने जेवायचं-झोपायचं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शरीर सुधारायचं, हे आपल्या महाराष्ट्रात किती आधीपासून शिस्तीत चालू आहे, बघा!

तर मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी आम्ही शिबिर पुन्हा घेतलं. शाल, श्रीफळ, बॅनर सगळं रद्द. त्या पैशांतून आधी सगळ्यांची डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. प्रत्येकीशी एकटीशी, दार लावून बोललो. ऑपरेशन, बाळंतपण, पाळी, रक्तदाब, गुडघे, चक्कर, चालू असलेल्या गोळ्या, सगळं एका वहीत लिहिलं. दिवस गेलेल्या दोघींना त्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. मग तीन गट केले. गुडघेदुखीवाल्यांना खुर्च्या. शीर्षासन, हलासन कोणालाच नाही. आसनं रिकाम्या पोटी, दोन गटांमागे नाही तर प्रत्येक गटामागे एक शिक्षिका, आणि गावातल्या डॉक्टरीणबाई फोनवर हजर. रोज संध्याकाळी वहीत एक ओळ लिहायची, की आज कसं वाटलं. दुखलं तर दुखलं असंच लिहायचं, आमच्या समाधानासाठी बरं वाटलं असं नाही.

वही लिहायला मला जोडीला कोणीतरी हवं होतं. मी पुन्हा त्या वहिनींच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाईंसमोर बसून आमची चूक कबूल केली, नवी वही दाखवली. सासूबाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, की माझ्याही गुडघ्यांचं लिहून घ्या.

दोघी आल्या. सासूबाई खुर्चीवरच्या गटात. आणि वहिनी दाराशी, टेबलापाशी, हातात पेन घेऊन. बाकीच्या बायका आमच्यापाशी जे बोलल्या नसत्या ते त्यांच्यापाशी बोलल्या. संकोच कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं ना!

तुमच्याही गावात शिबिर ठरत असेल. जागा, जेवण, सतरंज्या हे होतंच. त्याआधी एक कोरी वही मात्र नक्की आणा.