किमान मजुरीचा कायदा आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की संविधान डोळ्यांसमोर येतं. पण मजुराला अमुक रकमेच्या खाली रोज देता येणार नाही, असं सांगणाऱ्या देशाच्या कायद्याचं विधेयकही त्यांनीच मांडलं होतं. हे गावात फार थोड्यांना माहीत असतं.

१४ एप्रिल १८९१ चा त्यांचा जन्म, महूचा. बालपणाचा बराच काळ साताऱ्यात गेला. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथं दुष्काळात उपाशी पडलेल्या लोकांच्या हाताला काम म्हणून सरकार तलाव बांधत होतं. पुढे मुंबईत शिकलेली बाबासाहेबांची कितीतरी वर्षं परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात गेली. परदेशातल्या मोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही ते तिथंच राहिले.

१९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करायचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी घेऊन कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा मोठा संप झाला, त्यातही ते पुढे होते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री. सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एका टेबलाभोवती बसवायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, ती त्यांनी नेटानं चालवली. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरून मजुरांचं काम बघून आले. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्यांच्याच काळातली.

किमान वेतनाची चर्चा या बैठकांत १९४३ पासून चालू होती. शेवटी ११ एप्रिल १९४६ ला त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. जिथं मजुराची पिळवणूक जास्त आणि संघटना नाही, अशी कामं यादीत घेतली. बिडी, तेलघाणी, रस्त्याची कामं वगैरे. आणि यादीचा दुसरा भाग शेतीचा. मात्र शेतमजुरांचे दर ठरवायला सरकारांना जास्त मुदत ठेवली होती, कारण गावोगाव अंमल करणं अवघड जाणार हे उघड होतं.

त्याच वर्षी बाबासाहेब त्या पदावरून बाहेर पडले. कायदा पास झाला मार्च १९४८ मध्ये, तेव्हा मजूर मंत्री जगजीवन राम होते आणि बाबासाहेब कायदा मंत्री.

कायदा कागदावर तरी कच्चा नव्हता. मालकानं हजेरी आणि पगाराचं रजिस्टर ठेवायचं, निरीक्षकानं येऊन ते तपासायचं. कमी मजुरी मिळाली तर सहा महिन्यांच्या आत दावा करता येई. तफावत तर मिळेच, वर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार होता. आणि एक कलम तर खास होतं. मी कमी रोजावर राजी आहे असं मजुरानं अंगठा लावून लिहून दिलं तरी ते रद्द. अडलेला माणूस कशावरही अंगठा लावतो, हे ओळखूनच ते घातलेलं दिसतं.

घोडं अडलं ते शेतीपाशीच. कारखान्याला गेट असतं, रजिस्टर असतं. बांधावर सांगायची मजुरी तोंडी, देणं कधी पैशात, कधी धान्यात. निरीक्षक कुणाचं काय तपासणार? शेतमजुरांचे दर तीन वर्षांत ठरवायचे होते, ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले, तेव्हाही देशभर ते काम अपुरंच होतं. पुढच्या वर्षी कायद्यात परत दुरुस्ती झाली आणि मुदत १९५९ च्या अखेरपर्यंत गेली.